गोरज, भंडारा आणि फुल फ्रेम

तुळशीचं लग्न लागलं की निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यातल्या स्टुडिओंत दर वर्षी तोच विषय निघतो: या सीझनला बॉडी बदलायची का? हातात कॅननचा ७००डी किंवा ८०डी असतो, नाहीतर निकॉनचा डी५३०० किंवा डी७२००. कॅमेरा चालू असतो, त्याचे पैसे केव्हाच फिटलेले असतात. पण नवरी मुलगी मोबाइलवर पुण्यातल्या कुठल्यातरी लग्नाचे फोटो दाखवते, मागचं सगळं धूसर, चेहरा तेवढा लख्ख, आणि ‘असेच पाहिजेत हं’ म्हणून बजावते. ते फोटो फुल फ्रेमवर काढलेले आहेत एवढं कळलं की हप्त्यांची चौकशी सुरू होते.

या चर्चा ‘कॅनन की सोनी’ इथे सुरू होतात आणि बहुधा तिथेच संपतात. माझ्या मते तो शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: आपलं काम कोणत्या उजेडात चालतं, आणि आपल्या कपाटात कोणत्या लेन्स आहेत. ही दोन उत्तरं हाती आली की बॉडीचं नाव जवळजवळ आपोआप समोर येतं. कधीकधी बॉडी घ्यायचीच नाही असंही निघतं, आणि ते उत्तर दुकानदार देणार नाही.

फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. हे माप जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीचं. लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला तेव्हापासून ते रूढ झालं. म्हणजे बेळगावच्या खडे बाजारातल्या किंवा निपाणीतल्या ज्या स्टुडिओवाल्यांनी पेंटॅक्स के१००० किंवा निकॉन एफएम२ वर लग्नं काढली, ते सगळे फुल फ्रेमवरच काम करत होते. तेव्हा त्याला वेगळं नाव नव्हतं, कारण क्रॉप सेन्सर नावाची गोष्टच नव्हती. डिजिटल आलं तेव्हा अडचण पैशांची झाली. सेन्सर सिलिकॉनच्या गोल चकतीतून कापतात, गोल भाकरीतून चौकोनी तुकडे कापावेत तसे. तुकडा मोठा असेल तर संख्या कमी भरते, कडेचं जास्त वाया जातं, आणि चकतीवरचा एखादा दोष मोठ्या तुकड्यात सापडण्याची शक्यताही वाढते. आठ इंची चकतीतून क्रॉप सेन्सर दोनशेच्या आसपास निघत, तर फुल फ्रेमचे जेमतेम वीस, असा हिशेब कॅननने एकेकाळी स्वतःच मांडला होता. म्हणून स्वस्त कॅमेऱ्यांत लहान सेन्सर बसला आणि एक पिढी क्रॉपवर वाढली.

पुढचा इतिहास थोडक्यात. २००२ मध्ये कॉन्टॅक्स आणि कॅननने फुल फ्रेम डिजिटल बॉडी आणल्या, त्या सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. २००५ चा कॅनन ५डी अमेरिकेत ३,२९९ डॉलरना आला आणि लग्नवाल्यांनी पहिल्यांदा मान वळवली. २००८ मध्ये ५डी मार्क टू आणि निकॉन डी७०० आले; मार्क टू फुल एचडी व्हिडिओ घेत होता, त्यामुळे फोटो आणि शूटिंगची दोन वेगळी माणसं ही पद्धतच ढासळू लागली. २०१२ च्या कॅनन ६डीने दार आणखी उघडलं, २०१३ मध्ये सोनीने ए७ आणून आतला आरसाच काढून टाकला, आणि २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉननेही मिररलेसची वाट धरली. आज या दोन्ही कंपन्यांची सगळी नवी मेहनत मिररलेसवर आहे. डीएसएलआर बाजारात आहेत ते बहुतांशी सेकंडहँड, आणि आमच्यासारख्या भागात हा सेकंडहँड बाजारच खरा बाजार आहे.

आता मोठा सेन्सर घेऊन नेमकं काय मिळतं? निकॉन किंवा सोनीच्या क्रॉप सेन्सरच्या तुलनेत फुल फ्रेमचं क्षेत्रफळ सुमारे सव्वादोन-अडीच पट, कॅननच्या क्रॉपच्या तुलनेत अडीच पटींहून थोडं जास्त. सेन्सर एकाच पिढीचे असतील तर अंधारातला फायदा सव्वा ते दीड स्टॉपच्या आतबाहेर. म्हणजे क्रॉपवर आयएसओ ३२०० ला जितका दाणा दिसतो, तितका इथे ७०००-८००० ला दिसेल. फायदा खरा आहे, पण लोक समजतात तेवढा जादूचा नाही. शेजारी दुसरा हिशेब मांडून बघा. किट लेन्स ५५ मिलिमीटरला नेली की तिचं तोंड एफ/५.६ वर अडतं. त्याच बॉडीवर ५० मिलिमीटर एफ/१.८ ची साधी लेन्स लावली तर सव्वातीन स्टॉप मिळतात, उजेड जवळजवळ दहापट. दहा हजारांच्या आसपासची लेन्स जे देते त्याच्या निम्मंही दीड लाखाची बॉडी एकटी देत नाही. नव्या फुल फ्रेमवर एफ/४-७.१ ची किट लेन्स लावून मंगल कार्यालयात उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांचा दीड स्टॉप त्या लेन्सनेच खाल्लेला असतो.

मागची धूसर पार्श्वभूमीही सेन्सर स्वतःहून देत नाही. मोठ्या सेन्सरवर तीच चौकट भरायला जवळ जावं लागतं किंवा लांब लेन्स लावावी लागते, म्हणून मागचं जास्त विरघळतं. लेन्सचं तोंड लहान असेल तर विरघळणं नावापुरतंच.

या भागातला उजेड मात्र खरोखर अवघड, आणि तिथे तो दीड स्टॉप उपयोगी पडतो हेही तितकंच खरं. आमच्याकडे गोरज मुहूर्ताची लग्नं पुष्कळ. मंडपाच्या कनातीतून येणारा शेवटचा संधिप्रकाश निळसर, आतल्या हॅलोजनचा उजेड पिवळा, स्टेजमागे एलईडी वॉल, आणि अक्षता पडायच्या क्षणी दोन्ही बाजूंचे दहा मामा मोबाइलचे फ्लॅश मारत मध्ये. त्या अर्ध्या मिनिटात फोकस चुकला तर पुन्हा अक्षता टाकायला कुणी सांगत नाही. इथे मिररलेसचा खरा फायदा दिसतो. जुना ६डी घ्या: त्याला अकरा फोकस पॉइंट, त्यातला मधलाच भरवशाचा. नवरीच्या कपाळावरून मुंडावळ्या लोंबत असतात आणि मोत्यांची सर नेमकी डोळ्यासमोर. जुनी बॉडी समोरचा मोती पकडते, डोळा धूसर जातो, आणि हे लहान स्क्रीनवर कळत नाही. अल्बम बनवताना कळतं. डोळा ओळखून फोकस धरणाऱ्या बॉडी मुंडावळ्यांना अधूनमधून फसतात, पण बऱ्याच कमी. कामाचं साधन म्हणून बघितलं तर मेगापिक्सेलपेक्षा आणि आयएसओपेक्षाही हीच सुधारणा मोठी, असं मी म्हणेन.

बेळगावात वैशाखातल्या पारंपरिक शिवजयंतीचे चित्ररथ रात्रभर चालतात, गणपतीची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते. तिथला उजेड दर दहा पावलांवर बदलतो. एलईडी दिवे लुकलुकतात. आपल्याला ते दिसत नाही, सेन्सरला दिसतं. इलेक्ट्रॉनिक शटरवर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावून स्टेजवर गेलेल्याला हे पट्टे हमखास भेटतात. मेकॅनिकल शटर, १/१०० किंवा त्याहून हळू वेग आणि असेल तर अँटी-फ्लिकर, हा साधा उपाय. सेन्सर अतिशय वेगाने वाचणारे निकॉन झेड९ सारखे कॅमेरे मेकॅनिकल शटरशिवाय चालतात, सोनीचा ए९ थ्री तर सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचतो. पण त्या किमतीत निपाणीत एखाद्या बोळात छोटी जागा निघेल.

लेसरचा विषय वेगळा आणि गंभीर. डीजेच्या गाड्यांवरचे लेसर थेट गर्दीवर फिरतात; २०२३ च्या गणेशोत्सवात कोल्हापूर भागात डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. तोच किरण लेन्समधून सेन्सरवर एकवटला तर कायमची रेघ किंवा ठिपका राहू शकतो. डीएसएलआरमध्ये फोटो निघतो तेवढ्याच क्षणापुरता सेन्सर उघडा असतो, मिररलेसमध्ये चालू असेपर्यंत कायम. अर्थात डीएसएलआरच्या खिडकीला डोळा लावून बसलात तर किरण डोळ्यात, तेव्हा त्यात आनंद मानण्यासारखं काही नाही. लेसर समोर आला की कॅमेरा खाली, हा एकच नियम. वॉरंटीत हे नुकसान बसत नाही.

वृत्तपत्रांच्या फोटोग्राफरांची परीक्षा तर एकाच तारखेला होते. १ नोव्हेंबरला सकाळी मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची सायकल फेरी कडक उन्हात, आणि त्याच दिवशी कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक राणी चन्नम्मा चौकात रात्री उशिरापर्यंत. सकाळच्या पांढऱ्या टोप्या जळायला नकोत आणि रात्रीच्या गर्दीतला चेहरा काळा पडायला नको. अशा माणसाला मोठ्या सेन्सरची डायनॅमिक रेंज पटते. ४५ मेगापिक्सेलच्या फायली मात्र त्याला नको असतात, कारण फोटो चौकातूनच ऑफिसला पाठवायचा असतो.

उजेडानंतर धूळ, आणि इथे धूळ म्हणजे साधी धूळ नव्हे. मायाक्का चिंचलीची जत्रा, सौंदत्तीची पौर्णिमा, निपाणीहून जवळच असलेली पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेव यात्रा, सगळीकडे भंडारा उधळतात. चौकटीत पिवळ्या ढगातून ढोल आणि छत्र्या दिसतात म्हणून दूरदूरचे हौशी फोटोग्राफर पट्टणकोडोलीला येतात. तिथे गर्दीत उभं राहून लेन्स बदलणारा माणूस दिसला की मला कसंतरी होतं. हळद बारीक असते आणि घामट हातावर, लेन्सच्या रिंगमध्ये, हॉटशूच्या खाचेत चिकटून बसते. आरशाच्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे आरसा आणि शटर असतं. मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर बहुधा उघडाच. म्हणून घेण्याआधी दुकानातच बघून घ्या: बॉडी बंद करा, लेन्स काढा, आत शटर मिटलं का? कॅननचे ईओएस आर आणि आर६ मिटतात, सोनी ए७ फोरमध्ये तशी सोय मेनूतून चालू करता येते, ए७ थ्रीमध्ये नाही. निकॉनच्या झेड८-झेड९ ला वेगळं झाकण आहे, झेड५ ला नाही. मिटलेल्या शटरच्या पात्या मात्र अतिशय नाजूक. तिथे बोट किंवा जोराची हवा नको. सेन्सरवर हळद बसलीच तर एफ/१६ ला आकाशाचा फोटो काढून ठिपके मोजा, आधी हातपंपाचा ब्लोअर, ओला स्वॅब सगळ्यात शेवटी. आणि यात्रेला एक लेन्स लावून जायचं ते तीच लावून परत यायचं. हवं तर दुसऱ्या खांद्याला जुनी बॉडी.

पावसाळ्याचं काय करायचं हे बेळगावकराला शिकवायला नको. जून ते सप्टेंबर लेन्सवर बुरशी धरते. फुल फ्रेमच्या लेन्समध्ये काचा मोठ्या आणि किंमत तिप्पट, एवढाच फरक. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ यांचा खर्च बॉडीच्या खर्चातच धरा.

आता कपाट उघडा, कारण पैसे तिथेच ठरतात.

कॅननच्या क्रॉपवाल्याकडे सहसा दोन प्रकारच्या लेन्स असतात. ईएफ-एस लेन्स क्रॉपसाठीच्या. त्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाहीत. ईएफ लेन्स, म्हणजे फिफ्टी, ८५, ७०-२००, थेट बसतात. मिररलेस आर मालिकेवर कॅननच्या स्वतःच्या अडॅप्टरने दोन्ही बसतात आणि ऑटोफोकसही नीट चालतो. फक्त ईएफ-एस लावली की बॉडी सेन्सरचा मधला भागच वापरते, आणि आर६ चे वीस मेगापिक्सेल आठाच्या आत येतात. तेव्हा ज्याच्याकडे दोन-तीन चांगल्या ईएफ लेन्स आहेत त्याला कॅनन सोडायचं काही कारण नाही. अडॅप्टर लावून आर६ किंवा आर६ मार्क टू हाच सरळ रस्ता, आणि लोक मिररलेसकडे वळत असल्यामुळे जुन्या ईएफ एल-मालिकेच्या लेन्स बाजारात उतरल्या भावात सापडतात. उलट ज्याला नव्यानं आरएफ लेन्सच घ्यायच्या आहेत त्यानं खिसा चाचपावा. बाहेरच्या कंपन्यांसाठी कॅननने आरएफचं दार बराच काळ बंद ठेवलं. २०२४ मध्ये सिग्मा-टॅमरॉनला वाट दिली तीही क्रॉपच्या लेन्सपुरती.

निकॉनची गोष्ट थोडी गुंतागुंतीची, आणि दुकानात ती क्वचित सांगतात. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, त्यामुळे डी९०, डी७००० किंवा डी७२०० वाल्यांकडे जुन्या डी प्रकारच्या लेन्स हमखास सापडतात: ५० एफ/१.८डी, ८०-२०० एफ/२.८डी. या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. बॉडीतली मोटर स्क्रूने त्यांना फिरवते. झेड मालिकेच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये तो स्क्रू नाही. लेन्स बसते, फोटो निघतो, पण फोकस हातानं करावा लागतो. वरातीत हातानं फोकस करायची सवय आता कुणाला राहिली आहे? अशा माणसाला मी झेड घ्या म्हणणार नाही. त्यानं चांगल्या स्थितीतला डी७५० शोधावा, बजेट असेल तर डी७८० किंवा डी८५०, आणि त्याच लेन्स पुढची पाच-सहा वर्षं वापराव्यात. ज्याच्याकडे डी५३०० आणि किट लेन्सशिवाय काहीच नाही त्याला मागचं ओझंच नाही. त्याच्यासाठी झेड५, नाहीतर २०२५ मध्ये आलेला झेड५ टू, हा आज निकॉनमधला सगळ्यात समंजस व्यवहार आहे. हात हलल्याने होणारी अस्पष्टता सावरायची सोय बॉडीतच, दोन कार्डं, आणि झेड५ टूचा फोकसही खूप सुधारलेला.

सोनीकडे जाणं म्हणजे बहुतेकांसाठी घर बदलणं. जुनं सगळं विकायचं. पण तिथली एक गोष्ट निर्विवाद: सोनीने २०११ पासूनच ई माउंटची माहिती लेन्स बनवणाऱ्यांना खुली केली, त्यामुळे सिग्मा, टॅमरॉन, सॅमयांग, विल्ट्रॉक्स यांच्या लेन्सचा ढीग आहे, आणि कोल्हापूरला एखाद्या लग्नासाठी लेन्स भाड्यानं शोधायची झाली तर तीही लवकर मिळते. ए७ थ्री २०१८ चा असला तरी टॅमरॉनच्या २८-७५ एफ/२.८ बरोबर अजून कितीतरी लग्नं पेलतो. मेनू मात्र वाकडा. घरी मराठी, दुकानात कन्नड आणि कॅमेऱ्यात कुणालाच न समजणारी इंग्रजी, अशी आमच्याकडच्या पोरांची गत होते. ए७ फोरमध्ये तो बराच सुधारला.

दोन कार्डांचा मुद्दा वर ओझरता आला, तो लग्नवाल्यासाठी अटीचा आहे. ६डी, ६डी मार्क टू, ईओएस आर, आरपी, आर८, निकॉनचा पहिला झेड६, या सगळ्यांत कार्डाची एकच जागा. आर८ वजनाला हलका आणि सेन्सर आर६ मार्क टूच्या तोडीचा, म्हणून तो खूप सुचवला जातो. पण त्यात बॉडीतलं स्टॅबिलायझेशन नाही, आणि लहान बॅटरी व्ह्यूफाइंडर वापरून अधिकृत मोजणीत १५० फोटोंपर्यंत जाते. प्रत्यक्षात जास्त निघतात, तरी हळदीपासून वरातीपर्यंत चार-पाच बॅटऱ्या खिशात हव्यात. शेजारी डी७५० ठेवा: तीच मोजणी १,२३० फोटो.

मेगापिक्सेलबद्दल दोनच वाक्यं पुरेत. आमच्याकडच्या बारा बाय छत्तीस करिझ्मा अल्बमचं एक पान बारा बाय अठरा इंचाचं. ३०० डीपीआयने त्याला एकोणीस-साडेएकोणीस मेगापिक्सेल पुरतात, तेही पानभर एकच फोटो असेल तर. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला तर त्याहूनही कमी चालतं, कारण तो कुणी हातभर अंतरावरून बघत नाही. ज्याचा वाढदिवस असतो तो सोडून.

व्हिडिओचं काम असेल तर उन्हाळा लक्षात ठेवा. आर६ मध्ये फोर-के साठ फ्रेमवर सुमारे ३० मिनिटं आणि तीस फ्रेमवर ४० मिनिटं, मग कॅमेरा तापून थांबतो, असं कॅननने स्वतःच सांगितलं होतं, तेही २३ अंश तापमानाला. वैशाखात निपाणीच्या पत्र्याच्या मंडपात २३ अंश कुठून आणायचे? पॅनासॉनिक एस५ टूमध्ये आत छोटा पंखा आहे आणि तो या कामाला उत्तम, पण या भागात त्याच्या माउंटच्या लेन्स कुणाकडे उसन्या मिळतील ही आशा नको. आर६ मार्क टूमध्ये तापण्याची तक्रार बरीच कमी झाली.

कुणी फुल फ्रेम घेऊ नये, हेही सांगायला हवं. धुपदाळच्या बंधाऱ्यावर करकोचे आणि क्रौंच टिपणारे, खानापूर-भीमगडच्या जंगलाकडे जाणारे, आंबोलीत पावसाळी रात्री बेडूक शोधणारे, यांच्यासाठी क्रॉप हा अनेकदा जास्त सोयीचा. क्रॉपवर ६०० मिलिमीटरची लेन्स ९०० सारखी वागते. तोच पक्षी फुल फ्रेमवर तितकाच मोठा हवा तर लेन्सचे पैसे लाखांत. मलबार उडत्या बेडकाच्या फोटोत डोळ्यापासून पायाच्या पडद्यापर्यंत सगळं स्पष्ट हवं असतं, तिथे लहान सेन्सरवर मिळणारी फोकसची जास्त खोली कामाला येते, आणि उजेड तर फ्लॅशचाच असतो. या मंडळींना मी चांगली लेन्स आणि पावसाचं कव्हर सुचवेन. सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आंबोलीत सेन्सरच्या मापापेक्षा कॅमेऱ्यावरच्या रबरी सीलला महत्त्व जास्त.

सेकंडहँड फुल फ्रेम डीएसएलआर घेताना शटर काउंट सगळे विचारतात, पण त्याचा संदर्भ विचारत नाहीत. डी७५० आणि ५डी मार्क फोर यांच्या शटरची चाचणी दीड लाख क्लिकपर्यंत, डी८५० ची दोन लाख, ६डी ची एक लाख. ऐंशी हजार झालेला ६डी आणि ऐंशी हजार झालेला डी८५० ही एकच गोष्ट नाही. काउंटपेक्षा कॅमेरा कुठे राबला हे जास्त सांगून जातं. स्टुडिओतल्या पासपोर्ट फोटोंचे ऐंशी हजार क्लिक परवडले. बैलगाडा शर्यतीच्या धुळीतले चाळीस हजार नको. रिंगच्या खाचा, कार्डाचं दार, बॅटरीच्या कप्प्यातले स्क्रू नखानं खरवडून बघा. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील तर बॉडी आधी उघडली गेली आहे. रबराच्या चिरेत पिवळी रेघ दिसली तर ती कुठल्या जत्रेतून आली हे विचारायची गरज नाही.

नवी घेताना सीमेचा एक वेगळाच हिशेब असतो. निपाणीकराला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, बेळगाव त्याच्या दुप्पट; साहजिकच खरेदी कोल्हापूरला. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २०१९ च्या सुरुवातीपासून अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. मूळ किंमत दीड लाख असेल तर कर सत्तावीस हजार. स्टुडिओची जीएसटी नोंदणी कर्नाटकात असेल आणि दुकानदारानं काउंटरवरच्या गिऱ्हाईकासारखा महाराष्ट्राचा एसजीएसटी लावला, तर त्याचं क्रेडिट इकडे मिळत नाही. आपला नंबर आणि कर्नाटकातला पत्ता घालून आयजीएसटीचं बिल आधीच मागायचं, गाडीत बसल्यावर नाही. नोंदणी नसलेल्या छोट्या स्टुडिओला हा प्रश्न नाही, पण वॉरंटी कार्डावर शिक्का आणि सिरियल नंबर जुळतो का हे त्यालाही बघावं लागेल. ‘इंपोर्टेड पीस’ म्हणून दहा-पंधरा हजारांनी स्वस्त मिळणारी बॉडी बिघडली की ती आपली आणि आपलीच. आणखी एक विचारून ठेवा: सर्व्हिसला कुठे पाठवणार, आणि सीझनमध्ये किती दिवस लागतात? बॉडी कुरिअरनं पुण्या-मुंबईला किंवा बंगळूरला जाणार असेल तर मधली लग्नं कशावर काढायची?

म्हणूनच नवी बॉडी घेताना जुनी एक्स्चेंजमध्ये देण्याच्या मी विरोधात आहे. आठ-दहा वर्षांच्या ७००डीला दुकानात जो भाव मिळतो त्यात एक चांगलं कार्ड आणि बॅटरी येते, बस्स. तोच कॅमेरा ५० एफ/१.८ लावून दुसऱ्या माणसाच्या हातात दिला तर तो वरपक्षाच्या बाजूनं अक्षतांचा दुसरा कोन देतो, भंडाऱ्यात नव्या बॉडीऐवजी पुढे जातो, आणि ऐन मुहूर्ताला नव्या कॅमेऱ्यानं ‘एरर’ दाखवला तर गळ्यात तयार असतो. पहिली फुल फ्रेम घेणाऱ्याचं बजेट दीड लाख असेल तर सव्वा लाख लेन्ससकट सेकंडहँड बॉडीवर, उरलेले बॅटऱ्या, कार्डं आणि सिलिका जेलच्या डब्यावर घालावेत. नवी बॉडी दुसऱ्या सीझनच्या पैशांतून घेता येते; तोवर मागचं मॉडेल आणखी उतरलेलं असतं.